एका फॉर्मच्या मागची यादी: इंग्लंडमध्ये कन्सल्टंटचं नाव पुरस्कारासाठी कसं पुढे जातं

मिरज, नागपूर किंवा परळच्या मेडिकल कॉलेजातून शिकून इंग्लंडमध्ये कन्सल्टंट, म्हणजे रुग्णालयातली वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, झालेली भाची घरच्या ग्रुपवर कळवते, ‘एन-वन मिळालं.’ अभिनंदनाचे निरोप येतात आणि मागोमाग कुणीतरी विचारतं, ‘सत्काराचा फोटो टाक ना.’ फोटो नसतो, कारण शाल-श्रीफळाचा सत्कार हा या पुरस्काराचा भागच नाही. मिळतं ते एक पत्र, सरकारी यादीत नाव आणि पुढची पाच वर्षं पगाराशिवाय दरवर्षी २०,००० पौंड. हे सगळं ठरतं एका फॉर्मवर. आणि त्या फॉर्मच्या मागे पुष्कळदा एखाद्या स्पेशालिटी संस्थेने, म्हणजे एकाच वैद्यकीय विषयातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने, आधीच केलेली निवड असते. ती निवड कशी होते, हे अर्ज करणाऱ्या डॉक्टरांनाही अनेकदा नीट ठाऊक नसतं आणि त्या अज्ञानाची किंमत चांगलं काम करणाऱ्या माणसांना मोजावी लागते.

पुरस्काराचं आजचं नाव नॅशनल क्लिनिकल इम्पॅक्ट अवॉर्ड्स. २०२२ पासून हे नाव आलं. त्याआधी ते क्लिनिकल एक्सलन्स अवॉर्ड्स होते. योजना इंग्लंड आणि वेल्समधल्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, कन्सल्टंटांसाठी आहे. त्यात कन्सल्टंट दर्जाचे दंतवैद्य आणि विद्यापीठांत काम करणारे जीपीही (फॅमिली डॉक्टर) येतात. इंग्लंडमध्ये तीन पातळ्या आहेत: एन-वनला वर्षाला २०,००० पौंड, एन-टूला ३०,००० आणि एन-थ्रीला ४०,०००. वेल्समध्ये त्याखाली १०,००० पौंडांची एन-झिरो ही आणखी एक पायरी आहे. इंग्लंडमध्ये वर्षाला जास्तीत जास्त ६०० नवे पुरस्कार द्यायचे असं ठरलं: साधारण ३३० एन-वन, २०० एन-टू आणि ७० एन-थ्री. सगळे दिले गेले तर त्या एका तुकडीचा वर्षाचा खर्च १ कोटी ५४ लाख पौंड होतो आणि पाच वर्षांचा ७ कोटी ७० लाख. हा लोकांच्या करातला पैसा आहे. फॉर्म एवढा कडक का आणि प्रत्येक दाव्याला पुरावा का मागतात, हे या आकड्यावरून कळतं.

जुन्या योजनेत कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार पायऱ्या होत्या. २०१८ च्या दराने कांस्यला ३६,१९२ पौंड मिळत, प्लॅटिनमला ७७,३२०. ती रक्कम पेन्शनमध्ये धरली जायची आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला त्याच प्रमाणात कमी मिळायची. नव्या योजनेत रक्कम लहान झाली आणि पेन्शनमधून बाहेर गेली; मात्र अर्धवेळ कन्सल्टंटलाही ती पूर्ण मिळू लागली. दुसरा मोठा बदल पायऱ्यांचा. पूर्वी आधी कांस्य, मग रौप्य असं चढत जावं लागे. आता उमेदवार पातळी मागतच नाही. सगळ्यांचा फॉर्म एकच, आणि मिळालेल्या गुणांवरून पातळी ठरते. पाच वर्षं संपली की नूतनीकरण नाही. पुन्हा नव्याने अर्ज करायचा.

कुणाच्या शब्दावर?

या योजनेचं मूळ एनएचएसच्या जन्मातच आहे. १९४८ मध्ये एनएचएस उभी राहिली तेव्हा नामांकित कन्सल्टंटांना पगारी नोकरीत कसं आणायचं, हा मोठा प्रश्न होता. स्पेन्स समितीने सुचवलं की साधारण एक तृतीयांश कन्सल्टंटांना पगारावर जादा रक्कम द्यावी. त्यातून ‘डिस्टिंक्शन अवॉर्ड्स’ आले. पुरस्कार समितीचे पहिले अध्यक्ष होते चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान. ते देशभर फिरून ज्येष्ठ डॉक्टरांकडून कोण योग्य, कोण नाही हे ऐकून घेत. यादी बरीच वर्षं गुप्त होती. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला पुरस्कार आहे की नाही, हेही माहीत नसायचं.

गुप्ततेचं समर्थन करणारे तेव्हाही होते. पण वरिष्ठांच्या कानावर ज्याचं नाव पडतं त्यालाच पैसे मिळतात, ही त्या पद्धतीतली खोट होती. लंडनच्या टीचिंग हॉस्पिटलातला हृदयरोगतज्ज्ञ सगळ्यांना ठाऊक असायचा. लँकेशायरच्या गावात वृद्धांचा विभाग शून्यातून उभा करणारा कुणालाच नाही. १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनीझ इस्माइल आणि सहकाऱ्यांनी या पुरस्कारांतला वांशिक फरक आकड्यांनिशी मांडला आणि गोऱ्या कन्सल्टंटांना ते कितीतरी जास्त प्रमाणात मिळतात हे उघड झालं. २००३ मध्ये क्लिनिकल एक्सलन्स अवॉर्ड्स आले ते छापील फॉर्म, ठरलेले निकष आणि प्रत्येक निकषाला गुण घेऊन. आजच्या स्पेशालिटी संस्थांची भूमिका समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी हवीच. ‘आम्हाला माहीत आहे तो चांगला माणूस आहे’ या वाक्यावर चालणाऱ्या ज्या पद्धतीने नुकसान केलं तिच्याच जागी संस्थेची यादी आली आहे. संस्थेच्या बैठकीतही तेच वाक्य ऐकू यायला लागलं, तर घड्याळ १९४८ कडे फिरलं असं समजावं.

कराराच्या पलीकडचं काम

फॉर्मचा सगळा कणा एका कल्पनेवर उभा आहे: नोकरीच्या करारापेक्षा जास्त. २००३ च्या करारानुसार पूर्णवेळ कन्सल्टंटचा आठवडा १० ‘पीए’चा असतो. एक पीए म्हणजे साधारण चार तासांचं काम. ओपीडी, वॉर्ड राउंड, ऑपरेशनची यादी, शिकवणं, ऑडिट हे सगळं जॉब प्लॅनमध्ये या पीएंच्या हिशेबाने लिहिलेलं असतं आणि त्याचा पगार मिळतो. पुरस्कार त्या कामासाठी नाही. ते काम उत्तम झालं तरी नाही, जोपर्यंत त्याचा परिणाम आपल्या ट्रस्टच्या, म्हणजे आपलं रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेच्या, बाहेर दिसत नाही. म्हणून फॉर्म वाचणारा आधी जॉब प्लॅन पाहतो. विभागप्रमुखपदासाठी दोन पीए मिळत असतील तर ‘मी विभागप्रमुख आहे’ या वाक्याला गुण नाहीत. त्या पदावर राहून जे वेगळं घडवलं, त्याला आहेत.

नव्या फॉर्ममध्ये पाच विभाग आहेत: सेवा देणं आणि सुधारणं, नेतृत्व, शिक्षण आणि माणसं घडवणं, संशोधन आणि नवे प्रयोग, आणि पाचवा विभाग राष्ट्रीय पातळीवरच्या जादा प्रभावाचा. प्रत्येक विभागात लिहायला मोजकी अक्षरं मिळतात, मोकळी जागाही मोजली जाते आणि मर्यादा ओलांडली की पुढचं लिहिताच येत नाही.

गुणांची पट्टी जरा वेगळी आहे: ०, २, ६, १०. मध्ये काही नाही. माहिती अपुरी असेल किंवा काम करारालाही पुरं पडत नसेल तर शून्य. करारापुरतं काम दिसलं तर दोन. करारापलीकडचं असेल तर सहा. अत्युत्कृष्ट असेल तर दहा. मधले अंक नाहीत, त्यामुळे सात-आठच्या आसऱ्याने वाचणाऱ्याला निर्णय टाळता येत नाही. या पट्टीचा व्यवहारातला अर्थ असा की एका विभागात दोनवरून सहावर जाणं हे सहावरून दहावर जाण्याइतकंच मोलाचं आहे: दोन्हीकडे चार गुण. बहुतेक उमेदवार आपल्या जमेच्या विभागावर रात्री घालवतात आणि कच्चा विभाग शेवटच्या संध्याकाळी उरकतात. समजा एकीला १०, १०, २, ६, २ पडले आणि दुसऱ्याला पाचही विभागांत सहा-सहा. दोघांचे तीसच होतात. पहिलीने शिक्षणाच्या विभागात दोन ओळी नीट लिहिल्या असत्या तर ती चौतीसवर गेली असती. अंतिम रेषेजवळ असा एखादा विभागच निकाल फिरवतो.

संस्था नेमकं काय करते

आता मूळ मुद्दा. अर्ज करायला कुणाच्या नामांकनाची गरज नाही. कन्सल्टंट स्वतः अर्ज करू शकतो आणि पुष्कळ जण तसाच करतात. मग ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी, ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्स, ब्रिटिश जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी यांसारख्या संस्थांचं काम काय?

अर्ज तपासणाऱ्या प्रादेशिक उपसमितीत सगळ्याच विषयांचे लोक असतात. जुन्या योजनेपासून तिची घडण अशी आहे: निम्मे डॉक्टर, चतुर्थांश रुग्णालय-व्यवस्थापनातले आणि चतुर्थांश वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सर्वसामान्य नागरिक. त्यांच्यासमोर कानाच्या शस्त्रक्रियेपासून त्वचेच्या कर्करोगापर्यंत अर्जांचा ढीग असतो. ‘मी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या समितीत होते’ असं एक त्वचारोगतज्ज्ञ लिहिते. ती समिती वर्षाला एकदा भेटणारी होती की तिने तीन वर्षं रात्रंदिवस खपून आजची उपचारपद्धती ठरवली, हे भूलतज्ज्ञाला कळणार नाही. डर्मॅटॉलॉजिस्टांच्या संस्थेला ते ठाऊक असतं. संस्थेने द्यायची आहे ती ही एकच गोष्ट: फॉर्ममध्ये दावा केलेलं काम आपल्या विषयात किती खोल आणि किती दूर पोहोचलं, याची आतून दिलेली साक्ष. बाकी सगळं उमेदवाराने स्वतः सिद्ध करायचं असतं.

ही साक्ष दोन रूपांत जाते. एक, क्रमवारी: संस्थेने पाठिंबा दिलेल्या उमेदवारांची पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी. दोन, प्रत्येकासाठी लिहिलेली छोटी शिफारस, जिला तिकडे ‘सायटेशन’ म्हणतात. रॉयल कॉलेजांसारख्या मोठ्या संस्था आणि स्पेशालिटी संस्था दोघी हे काम करतात. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संघटनाही नामांकन करते, आणि तिथल्या मराठी कन्सल्टंटांनी या दाराचा विचार आवर्जून करावा.

वर्षाचं चक्र साधारण असं फिरतं. पुरस्कार देणाऱ्या राष्ट्रीय समितीची अर्ज घेण्याची खिडकी काही आठवडेच उघडी असते, म्हणून संस्थेला तिच्याआधी बरंच लवकर सुरुवात करावी लागते. सगळ्या सदस्यांना ईमेल जाते: पाठिंबा हवा असेल तर अमुक तारखेपर्यंत फॉर्मचा मसुदा पाठवा. मसुदा म्हणजे अधिकृत फॉर्मच, त्याच अक्षरमर्यादेत. चाळीस पानांचा बायोडेटा कुणी मागत नाही आणि वाचतही नाही. मसुदे आले की संस्थेच्या निवड-पॅनेलच्या सदस्यांकडे जातात. पॅनेलमध्ये पूर्वी पुरस्कार मिळालेले काही जण, पदाधिकारी, वेगवेगळ्या भागांतले आणि वेगवेगळ्या आकाराच्या रुग्णालयांतले कन्सल्टंट, आणि चांगल्या संस्थांत एक-दोन बिगरवैद्यकीय सदस्य असतात. त्या वर्षी स्वतः अर्ज करणारा पॅनेलवर बसत नाही. आपल्या ट्रस्टमधल्या सहकाऱ्याला, एकत्र संशोधन करणाऱ्याला किंवा नात्यातल्या माणसाला गुण देत नाही, त्या रकान्यात रिकामी जागा सोडतो.

प्रत्येक जण घरी बसून, एकमेकांशी न बोलता, ०-२-६-१० च्या पट्टीवर गुण देतो. सचिव सगळे आकडे एका एक्सेल शीटमध्ये घालते. बैठकीत फक्त तेवढ्याच जागा पाहायच्या जिथे फरक मोठा आहे: एकाने दहा दिले, दुसऱ्याने दोन. ‘तुम्हाला दोन का वाटले?’ असं विचारलं की बहुधा समजतं की एकाने फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते वाचलं आणि दुसऱ्याने त्या माणसाबद्दल त्याला जे माहीत आहे ते वाचलं. अशा वेळी फॉर्मच खरा. बैठकीत फॉर्मबाहेरची माहिती आली की ती उमेदवाराच्या बाजूने असो वा विरोधात, अध्यक्षाने ती थांबवली पाहिजे. हे करायला हिंमत लागते, कारण समोर बसलेले सगळेच एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखतात. तरी करावंच लागतं.

मग क्रमवारी ठरते, कारणं लिहून ठेवली जातात आणि ज्यांना पाठिंबा मिळाला नाही त्यांना कळवलं जातं. नुसतं ‘या वर्षी नाही’ असं नव्हे, कुठल्या विभागात कमी पडलं हे सांगून. हे शेवटचं पाऊल फार संस्था नीट उचलत नाहीत. उचलायला हवं, कारण पुढच्या वर्षी तोच उमेदवार पुन्हा येणार असतो.

एका विभागाचा मसुदा, आधी आणि नंतर

काय चुकतं ते जवळून पाहू. समजा स्ट्रोकच्या कन्सल्टंट आहेत. सेवेच्या विभागात त्यांनी लिहिलं:

‘मी आमच्या ट्रस्टमध्ये स्ट्रोक विभागाची प्रमुख आहे. आम्ही चोवीस तास थ्रॉम्बोलिसिस सेवा देतो. मी नियमित ऑडिट करते, आठवड्याला दोन वॉर्ड राउंड घेते आणि रुग्णांचे अभिप्राय अतिशय चांगले आहेत. मी प्रादेशिक स्ट्रोक नेटवर्कची सदस्य आहे.’

वाचायला वाईट नाही. पण गुण दोन. प्रमुखपद हे पद आहे, सेवा हे काम. चोवीस तासांची थ्रॉम्बोलिसिसची, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची, सेवा त्यांनी सुरू केली की आधीपासून होती? अभिप्राय ‘अतिशय चांगले’ म्हणजे किती, कोणाच्या तुलनेत? नेटवर्कमध्ये त्यांनी काय केलं? आता तेच काम, दुसऱ्या पद्धतीने:

‘२०२० मध्ये आमच्याकडे रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन सुरू होईपर्यंत सरासरी ६८ मिनिटं लागत. मी रुग्णवाहिकेतूनच स्ट्रोक टीमला फोन आणि थेट सीटी स्कॅनला नेणं ही पद्धत बसवली. २०२३ मध्ये ३९ मिनिटं. सेंटिनेल ऑडिटमध्ये आमचा दर्जा डी-वरून ए-वर गेला. ही पद्धत शेजारच्या चार ट्रस्टनी घेतली. त्यांच्या प्रशिक्षणाचं मी नेतृत्व केलं, जॉब प्लॅनबाहेरच्या वेळात.’

आकडे इथे समजावण्यासाठी घेतलेत, पण ऑडिट खरं आहे. सेंटिनेल स्ट्रोक नॅशनल ऑडिट प्रोग्राम विभागांना ए ते ई दर्जा देतो आणि ते आकडे कुणालाही पाहता येतात. हेच महत्त्वाचं. वाचणाऱ्याला विश्वास ठेवावा लागत नाही, तो पडताळून पाहू शकतो. दुसऱ्या मसुद्यात आधीची स्थिती आहे, नंतरची आहे, वर्षं आहेत, ‘मी’ काय केलं आणि ‘आम्ही’ काय केलं हे वेगळं आहे, काम ट्रस्टबाहेर गेलं हे आहे आणि पगारी वेळेबाहेर झालं हेही आहे. शब्द जवळजवळ तेवढेच. या मसुद्याला पॅनेल सहा तरी देईलच. ती पद्धत देशभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत गेली असेल आणि तसं लिहिलं असेल तर दहा.

मराठी घरांत वाढलेल्या डॉक्टरांना ‘मी’ लिहायला जड जातं, हे इथे सांगायला हवं. आपण ‘आमच्या टीमने केलं’ म्हणतो, आणि ते संस्कार चांगलेच आहेत. पण फॉर्मवर ‘आम्ही’ वाचलं की गुण देणारा विचारतो, यात तुमचा वाटा कोणता? उत्तर नसेल तर गुण नाहीत. टीमचं श्रेय टीमला द्यावं आणि आपला वाटा आपल्या नावावर लिहावा. त्यात कुणावर अन्याय होत नाही.

जिथे अर्ज घसरतात

सगळ्यात जास्त अर्ज घसरतात ते जुन्या कामामुळे. पाच वर्षांपूर्वीचं, किंवा मागचा पुरस्कार ज्या कामावर मिळाला तेच काम, पुन्हा मोजत नाहीत. एखाद्याचा मोठा शोधनिबंध नऊ वर्षांपूर्वीचा असतो आणि त्याला तो सोडवत नाही. तो आजही वापरला जातो हे लिहिता येतं, पण तारीख झाकून ठेवली तर पॅनेलला ती दिसतेच.

त्याच्या पाठोपाठ येतो तो दुहेरी मोजणीचा घोळ. एकच प्रकल्प सेवेच्या विभागात, नेतृत्वाच्या विभागात आणि पुन्हा संशोधनाच्या विभागात. प्रत्येक विभागाचे गुण त्या विभागात लिहिलेल्या मजकुरावरच द्यायचे असतात, आणि वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा तोच प्रकल्प भेटला की तो त्याला वगळतो. प्रकल्प तीन भागांत तोडता येतो: रुग्णसेवेत काय बदललं ते पहिल्यात, कुणाला पुढे आणलं ते तिसऱ्यात, काय प्रकाशित झालं ते चौथ्यात. पण तोडलेले तुकडे वेगळे दिसले पाहिजेत.

संक्षिप्त रूपांचा त्रासही मोठा. नागरिक सदस्याला ‘बीआयएएसपी’ किंवा ‘एनआयएचआर’ कळेलच असं नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहा. अक्षरं कमी पडतात म्हणून संक्षेप वापरला जातो आणि नेमकी तीच ओळ वाया जाते.

संशोधनाच्या विभागात प्रकाशनांची यादी चिकटवणं ही आणखी एक सवय. तीस लेखांची नावं टाकण्याऐवजी तीन निवडावेत, त्यांत आपली भूमिका काय होती आणि त्यामुळे रुग्णांच्या उपचारात काय बदललं ते लिहावं. अनुदानाची रक्कम लिहिताना आपण प्रमुख संशोधक होतो की सहसंशोधक, हे सांगितलं नाही तर वाचणारा कमी धरतो.

आणि मग शेवटच्या दिवसाचा अपघात. फॉर्म तयार असतो, संस्थेची शिफारसही झालेली असते, पण ट्रस्टच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची मान्यता राहते. ती मान्यता नावापुरती नसते. उमेदवाराचं काम आणि जॉब प्लॅन खरं आहे, चौकशी चालू आहे की नाही, हे मालकाला सांगावं लागतं. मुख्य कार्यकारी सुट्टीवर, मेडिकल डायरेक्टर परिषदेला, आणि खिडकी बंद. शिफारस कितीही वरच्या क्रमांकाची असो, त्या वर्षी काही करता येत नाही. संस्थेने मसुदा मागवतानाच विचारावं: ट्रस्टला कळवलंत का?

शिफारस लिहिताना संस्थाही चुकतात. ‘डॉ. अमुक हे आमच्या विषयातले आघाडीचे तज्ज्ञ असून त्यांचं योगदान मोलाचं आहे’ अशी शिफारस दहा जणांसाठी शब्द बदलून लिहिली जाते. उपसमितीला त्यातून काहीच मिळत नाही. चांगली शिफारस फॉर्ममधल्या दाव्याला आतून दुजोरा देणारी एखादी गोष्ट सांगते: या मार्गदर्शक तत्त्वांचा सगळ्यात कठीण भाग हिनेच लिहिला, कारण त्या भागात परस्परविरोधी पुरावे होते; किंवा या शस्त्रक्रियेचा अभ्यासक्रम त्याने सुरू केला तेव्हा देशात तो कुठेही नव्हता. शिफारस लिहिणाऱ्याने उमेदवाराला फोन करून पंधरा मिनिटं बोलावं. उमेदवाराने स्वतःच लिहून पाठवलेली शिफारस संस्थेने सही करून पुढे ढकलणं, हे तर मुळीच नको.

कोण अर्जच करत नाही

संस्थेला मिळालेले मसुदे पाहिले की एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. स्त्रिया कमी, अर्धवेळ काम करणारे कमी, छोट्या जिल्हा रुग्णालयांतले कमी, आणि परदेशात एमबीबीएस झालेले तर फारच कमी. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या पगारातल्या स्त्री-पुरुष फरकावरच्या २०२० च्या स्वतंत्र अहवालातही या पुरस्कारांचा प्रश्न आला होता. अर्धवेळ कन्सल्टंटला आता पूर्ण रक्कम मिळते, हा बदल अजून पुष्कळांपर्यंत पोहोचलेला नाही. ‘मी तीनच दिवस काम करते, मला कोण देणार’ असं समजून लोक मसुदाच पाठवत नाहीत.

यावर उपाय कागदावरचा नाही. संस्थेने ईमेल पाठवून थांबू नये. गेल्या पाच वर्षांत राष्ट्रीय ऑडिटचं काम कुणी केलं, परीक्षक कोण होते, मार्गदर्शक तत्त्वांच्या समित्यांवर कोण बसलं, ही नावं संस्थेच्याच दफ्तरात असतात. त्या यादीतली ज्यांनी कधीच अर्ज केला नाही अशी माणसं शोधून त्यांना फोन करावा. काही संस्था पूर्वीच्या पुरस्कारविजेत्यांना मार्गदर्शक म्हणून जोडून देतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचा मसुदा दोनदा वाचून द्यायचा, एवढंच काम. यातून नवी नावं पुढे येतात. ज्या संस्था हे करत नाहीत त्यांच्या यादीत दर वर्षी तेच चेहरे फिरत राहतात आणि ते बघून बाकीचे आणखी मागे सरतात.

यादी गेल्यानंतर

संस्थेची यादी आणि शिफारशी राष्ट्रीय समितीच्या ऑनलाइन पोर्टलवर चढल्या की संस्थेचं काम संपतं. उपसमितीचे सदस्य स्वतंत्रपणे गुण देतात. अंतिम रेषेपाशी गुण सारखे पडले, किंवा संस्थेने फार वर ठेवलेला उमेदवार थोडक्यात खाली राहिला, तर तो अर्ज राष्ट्रीय राखीव उपसमितीकडे जाऊन पुन्हा तपासला जातो, अशी सोय जुन्या योजनेपासून आहे. संस्थेच्या क्रमवारीचा खरा उपयोग होतो तो इथे. पहिला क्रमांक म्हणजे पुरस्कार नक्की, असं कुणाला सांगू नये. संस्थेने पहिल्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवार पडतो आणि नामांकन नसलेला निवडून येतो, असंही घडतं.

स्कॉटलंडमध्ये मात्र हा रस्ताच बंद आहे. तिथे २०१० पासून नवे डिस्टिंक्शन अवॉर्ड दिले गेलेले नाहीत. त्यामुळे ग्लासगोतल्या नातेवाइकाने आणि बर्मिंगहॅमच्या नातेवाइकाने एकच काम केलं तरी दोघांची तुलना करू नये.

निकालाविरुद्ध अपील करता येतं, पण फक्त प्रक्रियेवर: कागद हरवला, हितसंबंध असलेल्याने गुण दिले, नियम पाळला नाही. ‘माझं काम दहाचं होतं, सहा का दिले’ यावर अपील नाही. पत्र आलं की बहुतेक जण पहिल्या तासात अपिलाचा विचार करतात. त्याऐवजी संस्थेच्या सचिवाला एक ईमेल टाकावी आणि आपल्या मसुद्याला पॅनेलने विभागवार किती गुण दिले होते ते मागावं. ज्या विभागात पॅनेलच्या सदस्यांमध्ये फरक सर्वांत मोठा होता, म्हणजे एकाचे दहा आणि दुसऱ्याचे दोन, त्या विभागापासून पुढच्या वर्षीचा मसुदा लिहायला घ्यावा. तिथे काम आहे, पण ते सगळ्यांना दिसलेलं नाही.